बॉयलर म्हातारा झाला. आता हीट पंप की पुन्हा गॅसच?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडातल्या स्लाऊमधलं १९३०च्या दशकातलं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं घर. राहणारे पाच जण: नवराबायको, दोन मुलं आणि सोलापूरहून नुकत्याच आलेल्या आई. बॉयलर २००३ सालचा, वरच्या मजल्यावरच्या कपाटात गरम पाण्याची तांब्याची टाकी. वर्षाला १६,००० युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, गॅस लागतो. गॅस ६ पेन्सने, वीज २६ पेन्सने, शिवाय गॅसचा स्थिर आकार दिवसाला ३० पेन्स. एकाने नव्या गॅस बॉयलरचे ३,१०० पौंड सांगितलेत. दुसऱ्याने हीट पंपाचे, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब खेचून घर तापवणाऱ्या विजेच्या यंत्राचे, १२,८०० सांगितलेत, ते अनुदान वजा जाऊन ५,३००वर येतात. शेजारचे म्हणतात की हीट पंपाने घर तापतच नाही. मग करायचं काय?

अठरा वर्षं मी इंग्लंडात हेच काम करतोय. पहिली दहा-अकरा वर्षं फक्त गॅस, आता दोन्ही. त्यामुळे मला कुणाचीच बाजू घ्यायची नाही. पण तुमच्या प्रश्नात सगळे आकडे आहेत आणि नेमका हवा तोच नाही: कडाक्याच्या थंडीत तुमच्या घराला ऊब टिकवायला किती किलोवॅट लागतात? तो आकडा हाती आल्याशिवाय कुठल्याही कोटेशनवर सही करू नका.

आधी सध्याच्या बॉयलरबद्दल. त्याच्या खालून पांढऱ्या प्लॅस्टिकची एखादी बारीक नळी मोरीकडे किंवा बाहेरच्या गटाराकडे गेलीय का, बघा. २००३चा आहे म्हणजे बहुधा नसेल. ती नळी म्हणजे कंडेन्सिंग बॉयलरची खूण. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५पासून घरात नवा गॅस बॉयलर बसवायचा तर तो याच जातीचा, असा नियम झाला. फरक काय, ते आपल्याकडच्या तांब्याच्या बंबावरून पटकन कळतं. आमच्या कोल्हापूरकडच्या घरी परसात बंब असायचा. चिपाडं आणि शेणी घालून पेटवला की मधल्या नळीच्या तोंडावर हात धरवत नसे, इतका धूर कढत. पाण्यात जायला हवी ती ऊब आभाळात जायची. जुना बॉयलर हेच करतो, फक्त धूर दिसत नाही. कंडेन्सिंग बॉयलर त्या धुरातली वाफ आतच थंड करून तिचं पाणी करतो, तिची ऊब घरात वळवतो आणि उरलेलं पाणी त्या पांढऱ्या नळीतून सोडून देतो. तुमच्या वयाचा बॉयलर शंभर युनिट गॅसमधले सत्तरेक युनिट घराला देतो असं धरा. नवा नीट चालवला तर अठ्ठ्याऐंशीच्या आसपास देईल.

"नीट चालवला तर" हे मुद्दाम म्हटलं. रेडिएटरमधून, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पोकळ फळीतून, परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच आत वाफेचं पाणी होतं. पण बसवणारे बॉयलर ७५ किंवा ८० अंशांवर लावून जातात, कारण घर लवकर तापतं आणि गिऱ्हाइकाचा फोन येत नाही. मग दारात कंडेन्सिंगचं लेबल आणि आत जुनाच कारभार. म्हणून तुम्ही गॅसच घेतलात तरी पुढचं सगळं वाचा. कमी तापमानाच्या पाण्यावर घर उबदार राहतं का, हा प्रश्न दोन्ही यंत्रांना सारखाच लागू आहे.

आता घर मोजू. एक सोपा प्रयोग सांगतो. बाहेर शून्याच्या आसपास असेल असा दिवस पकडा. सकाळी सात वाजता गॅस मीटरचा आकडा लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा लिहा. त्या दिवशी हीटिंग बंद-चालू करू नका, घर एकसारखं १९-२० अंशांवर ठेवा. समजा १४ घनमीटर गॅस गेला. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट, म्हणजे १५४ युनिट. त्यातले सत्तर टक्के घराला मिळाले, म्हणजे १०८. भागिले २४ तास. आले साडेचार किलोवॅट, आणि यात अंघोळीचं पाणीही आलं. तुमच्या बॉयलरवरची पाटी बघा, तिथे २४ नाहीतर ३० लिहिलेलं असेल. एवढी तफावत बघून लोक चक्रावतात. बॉयलर मोठे घ्यायची इथे सवयच पडली आहे, आणि टाकी नसलेल्या कॉम्बी बॉयलरला तर शॉवरचं पाणी धावतं तापवायचं असतं म्हणून मोठाच लागतो. घराला एवढ्याची गरज कधीच नसते.

या बाबतीत मी स्वतः मार खाल्लाय. पहिला हीट पंप बसवला तेव्हा बॉयलर मोठा होता म्हणून पंपही मोठा घेतला. १२ किलोवॅटचा बसवला आणि घराला सात पुरले असते. ऑक्टोबरात तो दर सात-आठ मिनिटांनी सुरू व्हायचा आणि बंद पडायचा. वीज खाल्ली भरपूर, आणि त्या घरच्या काकू मला वर्षभर दर महिन्याला बिलाचा फोटो पाठवत होत्या. शेवटी पदरचे पैसे घालून यंत्र बदलून दिलं. तेव्हापासून खोलीगणिक हिशेब केल्याशिवाय मी यंत्राचं नावही काढत नाही.

मीटरचा प्रयोग हा अंदाज झाला. खरा हिशेब सर्व्हेला येणाऱ्याने करायचा: प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, जमीन, छत मोजून. अनुदानासाठी एमसीएस (अशी यंत्रं बसवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी योजना) प्रमाणित बसवणारा लागतो आणि त्याला हा हिशेब करून देणं भाग आहे. तो घरात वीस मिनिटं फिरून, मोजायचं लेझर न काढता, "आठ किलोवॅट लागेल" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. चांगला सर्व्हे दोन-तीन तास खातो.

भिंतींचं तुम्हीही तपासू शकता. बाहेरच्या विटा नीट बघा. सगळ्या विटा लांबीतच दिसत असतील तर आत बहुधा पोकळी आहे, म्हणजे दोन भिंती आणि मधे हवा. मधेमधे विटांची आखूड डोकी दिसत असतील तर भिंत भरीव नऊ इंची आहे. तीसच्या दशकातली घरं दोन्ही प्रकारची सापडतात. पोकळी असेल आणि ती अजून भरलेली नसेल तर भरून घेता येते, मात्र आधी ओल तपासायची. माळ्यावर लोकरीसारखं इन्सुलेशन २७० मिलिमीटर हवं. तुमच्याकडे शंभराचा पातळ थर असेल तर तो वाढवणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त सौदा. भरीव भिंतीला आतून-बाहेरून इन्सुलेशनचे तक्ते मारण्याच्या मात्र लगेच भानगडीत पडू नका. खर्च मोठा आहे, आणि भरीव भिंतीची घरंही हीट पंपावर व्यवस्थित चालतात, फक्त रेडिएटर मोठे लागतात.

रेडिएटर हाच या कामाचा गाभा आहे, आणि शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक इथूनच आली असणार. कारखान्याच्या पत्रकात रेडिएटरचा आकडा असतो तो सरासरी ७० अंशांचं पाणी आणि २० अंशांची खोली धरून. पत्रकात १,५०० वॅट लिहिलेला रेडिएटर ४५ अंशांचं पाणी सोडलं की जेमतेम ५३० वॅट देतो. एक तृतीयांश! जुन्या बारीक एकपदरी रेडिएटरवर कुणी हीट पंप जोडून दिला तर घर थंड राहणारच. मग कंटाळून पंपाचं पाणी ५५-६० अंशांवर नेतात, आणि बिल फुगतं. उपाय साधा आहे. तेवढ्याच लांबीचा दुपदरी रेडिएटर लावायचा, ज्याच्या दोन्ही पत्र्यांमागे पन्हाळी असतात. तो एकपदरीच्या पावणेदोनपट ऊब देतो. बहुतेक घरांत निम्मे रेडिएटर बदलले की भागतं. तुमच्या कोटेशनमध्ये किती बदलणार आहेत ते लिहिलंय का? नसेल तर विचारा.

पाइपही बघा. रेडिएटरला भिंतीतून किंवा फरशीखालून येणारी तांब्याची नळी करंगळीपेक्षा बारीक, म्हणजे ८ किंवा १० मिलिमीटरची असेल तर आधीच बोला. बॉयलर पाणी वीसेक अंशांनी गार करून परत घेतो, हीट पंप पाचच अंशांनी. तेवढीच ऊब न्यायला चौपट पाणी फिरवावं लागतं. १५ मिलिमीटरच्या पाइपात ते बहुधा बसतं, बारीकमध्ये अडतं.

याची चाचणी पंप न घेताच करता येते, पण तुमच्या बॉयलरबाबत सावध राहून. थंडीच्या आठवड्यात बॉयलरचं पाणी ५० अंशांवर आणा, हीटिंग दिवसभर चालू ठेवा, आणि कुठल्या खोल्या उबदार राहतात ते लिहून काढा. ज्या राहतील त्यांचे रेडिएटर पुरेसे आहेत. ज्या राहणार नाहीत तिथे बदल लागेल. दोन गोष्टी सांभाळा. जुन्या, कंडेन्सिंग नसलेल्या बॉयलरमध्ये इतकं गार पाणी परत आलं तर आतल्या धातूवर ओल धरते आणि तो गंजतो. म्हणून चाचणी दोन-तीन दिवसांची, महिनाभराची नाही. दुसरं, तुमची टाकी त्याच बॉयलरवर तापते. टाकीतलं पाणी दिवसेंदिवस ५० अंशांवर राहिलं तर त्यात लीजिओनेला जिवाणू वाढण्याची भीती असते. चाचणी संपताच टाकी पुन्हा ६० अंशांवर न्या.

हे झालं की पैशाचं बोलू. तुमच्या घराला वर्षाला प्रत्यक्षात मिळणारी उष्णता १६,०००च्या सत्तर टक्के, म्हणजे ११,२०० युनिट. आज त्यासाठी ९६० पौंड गॅसचे आणि ११० स्थिर आकाराचे जातात. नवा गॅस बॉयलर नीट लावला तर गॅस १२,७००वर येईल, खर्च ७६४ अधिक ११०, एकूण ८७४ पौंड. हीट पंप एका युनिट विजेवर बाहेरच्या हवेतली ऊब खेचून आणतो, आपला एसी उलटा फिरवावा तसा. एका युनिट विजेमागे वर्षभराची सरासरी ३.३ युनिट उष्णता पडली तर वीज सुमारे ३,४०० युनिट, म्हणजे ८८२ पौंड. जवळजवळ बरोबरी! सरासरी ४ आली तर ७२८. पंप वाईट बसवला आणि अडीचवर राहिला तर १,१६५, म्हणजे आजच्यापेक्षाही जास्त. "हीट पंप स्वस्त पडतो" आणि "हीट पंपाने बुडवलं" ही दोन्ही वाक्यं खरी असतात, ती अशी.

या हिशेबात एक मेख आहे. ८७४शी बरोबरी साधायला ३.३ पुरतात, पण गॅसचं कनेक्शन पूर्ण काढून टाकलं तरच. शेगडीसाठी गॅस ठेवला तर ११० पौंड जातच राहतात आणि मग बरोबरीला सरासरी ३.८ लागते. आणि इथे आई येतात. भाकरी आणि फुलका आचेवर फुगवायची सवय असलेल्या बाईला इंडक्शन द्यायचं म्हणजे घरात चर्चासत्र होणार. आमच्याकडे झालं. शेवटी सपाट बुडाचा जाड लोखंडी तवा आणला, फुलका तव्यावरच कापडाने दाबून फुगवतो, आणि भाकरीसाठी बागेत एक छोटी सिलिंडरची शेगडी ठेवली आहे, उन्हाळ्यात चालते. तुम्ही काय ते ठरवा, पण कोटेशनवर सही करायच्या आधी ठरवा.

दुसरी बाजू वेळेनुसार दर बदलणाऱ्या वीज योजनांची. रात्री आणि दुपारी वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. पंप आणि टाकी स्वस्त वेळेत चालवून सरासरी दर २१ पेन्सवर आणता आला तर बरोबरीला २.७ सुद्धा पुरतात. घर ऊब धरून ठेवणारं असेल तर हे जमतं.

अनुदानाचं: इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीम आहे. मे २०२२मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०२३मध्ये रक्कम ५,०००वरून ७,५०० पौंडांवर नेली. अर्ज बसवणारा करतो, ऑफजेम ही वीज-गॅसची सरकारी नियामक संस्था मंजूर करते, आणि रक्कम तुमच्या बिलातून वजा होते, तुम्हाला आधी भरावी लागत नाही. गॅस बॉयलर आणि पंप दोन्ही ठेवणारी जोडगोळी यात बसत नाही. शिवाय या कामावर ३१ मार्च २०२७पर्यंत व्हॅट शून्य आहे. मे २०२५पासून इंग्लंडात शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतराची अटही काढली आहे, सेमी-डिटॅच्ड घरांना याचा मोठा फायदा. आवाजाची मर्यादा मात्र कायम आहे. पंप दोन भिंतींच्या कोपऱ्यात नको, आवाज घुमतो, आणि कुणाच्या बेडरूमच्या खिडकीखालीही नको. हल्लीच्या पुष्कळ पंपांत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, त्यासाठी दारं, खिडक्या आणि गटाराच्या जाळ्यांपासून लांब जागा लागते. स्लाऊच्या चिंचोळ्या बागांत हीच अडचण येते, टेप घेऊन आधी मोजून ठेवा.

तुमची एक जमेची बाजू म्हणजे टाकीचं कपाट. कॉम्बीवाल्या घरात टाकीला जागा शोधता शोधता लोक मेटाकुटीला येतात. जुनी टाकी चालणार नाही, पंपासाठी आत मोठं वेटोळं असलेली लागते. पाच जणांना २०० लिटरची बघा, कपाटात मावली तर २५०ची. २०० लिटर पाणी १० अंशांवरून ५०वर न्यायला सव्वानऊ युनिट उष्णता लागते, म्हणजे सहा किलोवॅटच्या पंपाला दीड तास. गणपतीला पाहुणे भरले आणि सगळ्यांनी ओळीने शॉवर घेतला तर शेवटच्याला गार पाणी. बादलीने अंघोळ करणाऱ्यांची मात्र या देशात चंगळ आहे, एका शॉवरच्या पाण्यात दोघं उरकतात. आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांवर नेण्याची सोय पंपातच असते, ती कुणी बंद करू नये.

विजेच्या बाजूने मुख्य फ्यूज ६० अँपिअरचा असेल तर वाढवावा लागू शकतो, आणि जुन्या जोडघरांत कधीकधी तुमची वीज शेजाऱ्याच्या घरातून फिरून आलेली असते. ती वेगळी करायचं काम वितरण कंपनीचं, त्यात आठवडे जातात. आजच विचारून ठेवा.

बसवल्यावर सवयी बदलाव्या लागतात आणि अर्धी भांडणं इथेच होतात. रेडिएटरला हात लावला की चटका बसत नाही, कोमट लागतो. आई म्हणतील, "हे चालूच नाही." चालू असतं. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवा. सकाळी एक तास, संध्याकाळी तीन तास ही गॅसची पद्धत सोडा. पंप हळूहळू, दिवसभर चालू द्यायचा, रात्री दोन अंश कमी केले तर पुरे. बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचं तापमान आपोआप वरखाली करणारी सोय चालू करून घ्या आणि तिचा उतार, म्हणजे बाहेर थंडी वाढेल तसं पाणी किती जास्त तापवायचं ते प्रमाण, पहिल्या हिवाळ्यात दोन-तीनदा जमवून घ्या. घर गरम वाटलं तर उतार कमी करायचा, खोल्यांचे व्हॉल्व्ह आवळत बसायचं नाही. व्हॉल्व्ह आवळले की पाणी फिरायची जागा कमी होते आणि पंप पुन्हा चालू-बंद करू लागतो. ओल्या थंडीत बाहेरच्या यंत्रावर बर्फ धरतो, तो वितळवायला ते थोडा वेळ उलटं चालतं आणि वाफेचा ढग उठतो. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याने आग लागली म्हणून अग्निशमन दलाला बोलावलं होतं. वितळलेलं पाणी पायवाटेवर येऊ देऊ नका, रात्रीतून काच होते.

तर तुमच्या जागी मी असतो तर? बॉयलरची ज्योत पिवळी होत असेल किंवा पुढच्या पत्र्यावर काजळी दिसत असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवून तो बंद करा आणि 'गॅस सेफ' या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या कारागिराला बोलवा, कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नाही. तसं काही नसेल तर त्याच्याकडून हा हिवाळा काढून घ्या आणि काम एप्रिल-मेमध्ये करा. जानेवारीत बंद पडलेल्या बॉयलरपुढे कुणाची अक्कल चालत नाही, समोर येईल ते घेतलं जातं. दोन वर्षांत घर विकायचं असेल तर गॅस बॉयलर घ्या आणि त्याचं पाणी ५५वर ठेवा. दहा वर्षं राहायचं असेल, बहुतेक खोल्या चाचणीत पास झाल्या असतील, आणि बसवणारा सरासरी ३.५च्या वर लेखी द्यायला तयार असेल, तर वरचे २,२०० पौंड मी हीट पंपावर घातले असते. बिलात तुम्हाला थोडेच वाचतील, मात्र घरभर एकसारखी ऊब मिळते, ती आईंच्या गुडघ्यांना पहिल्याच डिसेंबरात कळेल.

आणि १२,८००च्या त्या कोटेशनमध्ये बफर टाकी, म्हणजे पंप आणि रेडिएटर यांच्यामधली पाण्याची जादा टाकी, लिहिलेली असेल तर ती कशासाठी, हे विचारा. तुमच्या आकाराच्या घरात बहुधा लागत नाही, आणि चुकीची जोडली तर तापलेलं पाणी गार पाण्यात मिसळून तुमच्या सरासरीतले काही दशांश खाते. जुन्या रेडिएटरमधला काळा गाळ धुऊन काढायचं काम आणि चुंबकाचा फिल्टर कोटेशनमध्ये आहे का, तेही बघा.

पुढच्या थंडीच्या लाटेत मीटरचे ते दोन आकडे, ५० अंशांच्या चाचणीत नापास झालेल्या खोल्या आणि त्यांच्या रेडिएटरची लांबी-उंची एवढं कळवा. त्यावरून तुमच्या घराला पाचचा पंप पुरेल की सातचा, ते बरंचसं सांगता येईल.